संपलेल्या बॅटरीचा पहिला मुक्काम



वाशिमच्या नावाने इतिहासात ओळखला जाणारा एक ताम्रपट आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतला राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याचं हे दानपत्र. काळ चौथ्या शतकाचा. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित केले, त्यात त्याचं वाचन आहे. राजा गेला, घराणं गेलं, वत्सगुल्माचं वाशिम झालं. तांबं मात्र अजून तांबंच आहे. रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना हे उदाहरण देत आलो, कारण धातूचा अणू संपत नाही. तो गंजात जाईल, आम्लात विरघळेल, मातीत मिसळेल, पण जिथे गेला तिथे असेलच. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीवर उभं आहे. संपलेल्या बॅटरीतला धातू परत मिळवता येतो, ही तिची आनंदाची बाजू. मिळवला नाही तर तो आपल्या अंगणात, नाल्यात, लेकरांच्या हाडांत जाऊन बसतो, ही दुसरी.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते विज्ञानाचा धडा घरातल्या वस्तूपासून सुरू करत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मीही घरापासूनच सुरू करतो.

वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या जरा आत होती. इथे धातूची मोठी खाण नाही, धातू गाळणारा मोठा कारखाना नाही. तरी आपल्या घरा-गोठ्यातल्या बॅटऱ्या मोजायला लागा. ट्रॅक्टरची एक. भारनियमनाच्या वर्षांत आलेल्या इन्व्हर्टरची एक, भली जड. मोटारसायकलची एक. फवारणीचा बॅटरी पंप तर आता घरोघरी आहे. त्याच्या बुडाशी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. रोही आणि रानडुकरांपासून सोयाबीन-तूर राखायला बांधावर सौर झटका मशीन लावलं, त्यात आणखी एक. वाशिम-कारंजाच्या रस्त्यांवर ई-रिक्षा फिरतात. विजेवरच्या स्कूटी आल्या. आणि मोबाईल: चालू असलेला खिशात, बंद पडलेले दोन-तीन कपाटाच्या खणात.

यांतली एखादी बॅटरी गेली की आपण म्हणतो, प्लेटा बसल्या, सेल गेला, डेड झाली. आत काय होतं? शिशाच्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि चार्ज करूनही ते विरघळत नाहीत. लिथियमच्या बॅटरीत थोडं लिथियम ग्रॅफाइटवरच्या पापुद्र्यात अडकून पडतं, दुसऱ्या बाजूच्या धातूच्या ऑक्साइडला बारीक तडे जातात. वीज साठवण्याची रचना मोडलेली असते, धातू मात्र सगळा शिल्लक असतो. नव्या बॅटरीत जेवढं शिसं, जेवढा कोबाल्ट, तेवढाच जुनीत.

आणि तो किती दाट असतो ते बघा. मोबाईलच्या बॅटरीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरतात. रेणुभाराचा हिशेब दहावी-बारावीच्या मुलालाही येतो: त्या पदार्थाच्या १०० किलोत ६० किलो कोबाल्ट आणि ७ किलो लिथियम. खाणीतल्या १०० किलो खनिजातून एक-दोन किलो कोबाल्ट निघाला तरी ती चांगली खाण समजतात. जगातला ७० टक्क्यांहून अधिक कोबाल्ट आज एकट्या काँगो देशातून येतो, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्या खणातल्या जुन्या, लहान बॅटरीत कोबाल्ट ५ ग्रॅमच धरा. जिल्ह्यातून असे एक लाख फोन गोळा झाले, तर तो अर्धा टन कोबाल्ट होतो.

आता तो बाहेर कसा काढतात, याकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रसायनशास्त्राचं इतकं देखणं काम सामान्य माणसापुढे क्वचित मांडलं जातं.

विदर्भाला हे काम अगदीच परकं नाही. जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी भुकटी असायची, ती मँगनीज डायऑक्साइडची. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग ही मॉइल कंपनीची खाण सेलसाठी लागणाऱ्या याच खनिजाबद्दल ओळखली जाते, आणि तिथे विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही आहे. खनिजातलं मँगनीज गंधकाम्लात उतरवायचं, द्रावण निवळ करायचं, मग त्यातून हवा तो पदार्थ परत काढायचा, ही या शास्त्राची मूळ रीत. बॅटरीतून धातू काढणंही याच रीतीने चालतं. खनिजाच्या जागी तिथे संपलेली बॅटरी असते, एवढाच फरक.

लिथियमची बॅटरी कारखान्यात आली की आधी तिच्यात उरलेली वीज पूर्ण उतरवतात. वीज शिल्लक असताना तिला छेद गेला तर ती पेटते, आणि ती आग स्वतःच स्वतःला वाढवत जाते. मग बंदिस्त यंत्रात तिचे तुकडे करतात. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं कवच, तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, प्लास्टिक, हे वेगळं होतं. उरते काळी भुकटी. उद्योगातले लोक तिला ब्लॅक मास म्हणतात. कोबाल्ट, निकेल, मँगनीज, लिथियम सगळं तिच्यात, ग्रॅफाइटसोबत. इथपर्यंतचं काम कोरडं. पुढचं सगळं ओलं.

भुकटी कोमट ते गरम अशा सौम्य गंधकाम्लात टाकतात, आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे वर्गातली हुशार मुलं अडतात. पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकारक म्हणून त्यांनी पाठ केलेलं असतं. इथे ते उलट काम करतं. भुकटीतला कोबाल्ट तीन धनभारांच्या अवस्थेत असतो आणि तसा तो आम्लाला सहज दाद देत नाही. पेरॉक्साइड त्याला इलेक्ट्रॉन देऊन दोन धनभारांवर आणतं, स्वतःचा ऑक्सिजन सोडून देतं, आणि कोबाल्ट झरझर द्रावणात उतरतो. दोन रेणू लिथियम कोबाल्ट ऑक्साइडला तीन रेणू गंधकाम्ल आणि एक रेणू पेरॉक्साइड, असं ते समीकरण आहे. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

द्रावणात आता सगळेच धातू एकत्र आहेत. लोखंड आणि अॅल्युमिनियम काढणं त्या मानाने सोपं: आम्लता हळूहळू कमी केली की ते आधी खाली बसतात. खरी अडचण कोबाल्ट आणि निकेलची. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ते शेजारी, २७ आणि २८. स्वभाव इतका सारखा की एकाला खाली बसवायला जावं तर दुसराही येतो. १९८० च्या दशकात सायनेक्स २७२ नावाचं फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल आलं आणि ही गाठ सुटली. ते केरोसीनसारख्या तेलात मिसळून द्रावणाबरोबर घुसळतात. आम्लता नेमकी राखली तर तेलातलं ते आम्ल कोबाल्टला उचलून घेतं आणि निकेलला पाण्यात ठेवतं. कारण असं की तेलात शिरताना कोबाल्टला आपल्याभोवतीची मांडणी सहावरून चारवर आणणं सहज जमतं. निकेल आपले सहा शेजारी सोडायला तयार नसतो. आणि हे डोळ्यांना दिसतं. घुसळण्याआधी द्रावण मिश्र रंगाचं. घुसळून स्थिर होऊ दिलं की वरचं तेल गडद निळं, खालचं पाणी निकेलचं हिरवं. इतक्या सारख्या दोन धातूंना रंगांनी वेगळं झालेलं ज्याने एकदा पाहिलं, त्याला रसायनशास्त्र रूक्ष वाटणार नाही.

शेवटी लिथियम. त्याच्या द्रावणात धुण्याचा सोडा टाकला की लिथियम कार्बोनेट तयार होतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. लिथियम कार्बोनेट उलट, गरम पाण्यात कमी विरघळतं. शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात दीड ग्रॅम, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्मं. म्हणून द्रावण उकळीच्या जवळ नेतात आणि पांढरी भुकटी गरमागरम गाळून घेतात.

हे सगळं आपल्या देशात होतं. हैदराबादच्या सी-मेट या सरकारी संस्थेने विकसित केलेली रीत लिथियम, कोबाल्ट, निकेल आणि मँगनीज यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक परत मिळवते, आणि मिळालेल्या पदार्थांची शुद्धता ९८ टक्क्यांच्या आसपास असते. हे तंत्रज्ञान नऊ उद्योगांना दिलं गेलं. पालघर जिल्ह्यात अशा बॅटऱ्यांवर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. शास्त्राने आपला वाटा उचलला आहे. पण ते ९५ टक्के कशाचे? कारखान्याच्या दारात आलेल्या बॅटरीचे. जी दारात आलीच नाही, तिचे शून्य. जी फोडून, पाणी ओतून, अर्धी जाळून आली, तिचे कितीतरी कमी. माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरीचं भवितव्य आम्लाच्या टाकीत ठरत नाही. ते बॅटरी संपल्यानंतरच्या तिच्या पहिल्या मुक्कामी ठरतं, आणि तो पहिला मुक्काम वाशिमला, रिसोडला, मालेगावला, मंगरुळपीरला, मानोऱ्याला, कारंजाला असतो.

शिशाची गोष्ट आधी घेतो, कारण ती जास्त तातडीची आहे.

शिशाच्या बॅटरीला भाव आहे. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५०-६० किलो भरते, आणि त्यात निम्म्याहून अधिक वजन शिशाचं. म्हणून ती कुणी उकिरड्यावर टाकत नाही. दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत वळती करतो, नाहीतर भंगारवाला दारात येऊन वजन करतो. गोळा होण्याच्या बाबतीत शिसं जगातल्या सगळ्या धातूंच्या पुढे आहे. मग अडचण कुठे? अडचण शिशाच्या एका गुणात आहे: ते ३२७ अंशाला वितळतं. लोखंडाला भट्टी लागते, शिशाला चूल पुरते. एक कढई, थोडा कोळसा आणि कुऱ्हाड असली की कुणीही शिसं गाळणारा होतो.

तिथे काय घडतं ते रसायनाच्या भाषेत सांगतो. बॅटरीतलं शिसं दोन रूपांत असतं. जाळीचं धातुरूप शिसं चुलीवर वितळतं. पण प्लेटांवरचा लगदा हा मुख्यतः लेड सल्फेट आणि लेड डायऑक्साइडचा असतो, आणि सल्फेट फुटायला हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. चुलीला ते झेपत नाही. त्यातला थोडा भाग कोळशामुळे शिशात येतो, सल्फर डायऑक्साइडचा धूर घरात कोंडतो, आणि उरलेला लगदा राख म्हणून नाल्याकाठी टाकला जातो. म्हणजे विष पसरतं आणि धातूही वाया जातो. पोटासाठी हे करणाऱ्या माणसाच्या हाती बॅटरीतलं निम्मंशिम्मं शिसं येतं. बाकीचं त्याच्या मुलांच्या वाट्याला येतं.

हे शब्द मी जड मनाने वापरतो, पण त्यांत अतिशयोक्ती नाही. सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारॉय-सूर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचं काम चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात त्या वस्तीतली १८ मुलं दगावली. आधी कुणाला कारण कळेना. शेवटी त्या मुलांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात शिसं सापडलं. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने जगभरचा अंदाज मांडला: दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसं, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलं. त्यांतली २७ कोटींहून अधिक एकट्या भारतात. बॅटरी हे त्यामागचं एकमेव कारण नाही. मसाल्यातली भेसळ, रंग, भांडी हीही आहेत. पण बॅटरी फोडणं हे मोठ्या कारणांपैकी एक.

शरीर शिशाला कॅल्शियम समजतं. म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. आई गरोदर झाली की तिच्या हाडांतून कॅल्शियमबरोबर शिसंही बाहेर येतं आणि पोटातल्या बाळापर्यंत जातं. मुलाची बुद्धी कमी होते, लक्ष लागत नाही, आणि वरून पाहता आजार काहीच दिसत नाही. शिशाची कुठलीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या काळ्या चिकणमातीत शिसं घट्ट धरून राहतं. ते वाहून खोल जात नाही, वरच्या काही बोटांच्या थरातच थांबतं. रांगणारं मूल नेमकं त्याच थरावर खेळतं.

याला रासायनिक उत्तर आहे का? आहे. बॅटरी बंदिस्त जागी यंत्राने फोडायची. आम्ल एका टाकीत, प्लास्टिक पाण्यावर तरंगून वेगळं, लगदा वेगळा. लगद्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं की लेड सल्फेटचं लेड कार्बोनेट होतं आणि गंधक सोडियम सल्फेट होऊन पाण्यात निघून जातं. आता तो लगदा कमी उष्णतेवर शिसं देतो आणि गंधकाचा धूर जवळपास होत नाही. याहून पुढचं पाऊल केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक वसंत कुमार यांनी दाखवलं. त्यांनी लगदा सायट्रिक आम्लात, म्हणजे लिंबात असतं त्या आम्लात घेतला. त्यातून लेड सायट्रेटचे स्फटिक मिळतात, आणि ते ४०० अंशांच्या आत भाजले की थेट लेड ऑक्साइड तयार होतं, तेच नव्या बॅटरीच्या लगद्याला लागतं. शिसं वितळवण्याची पायरीच गळून पडते. आपल्या राज्यात पुण्याजवळ मरकळला बॅटरी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या उपकंपनीचा शिसं परत मिळवण्याचा कारखाना आहे. जिथे धूर गाळला जातो, कामगारांचं रक्त तपासलं जातं, अशाच जागी आपली बॅटरी पोचली पाहिजे.

लिथियमच्या बॅटरीची गत याच्या नेमकी उलट. तिला भंगारात भाव जवळपास नाही, म्हणून ती गोळाच होत नाही. खणात पडते, पोरांच्या हाती लागते, ओल्या कचऱ्याच्या गाडीत जाते आणि गाडीत दाबली गेली की पेट घेते. शिवाय तिच्यातल्या द्रवात फ्लोरिनचा एक क्षार असतो. ओलाव्याशी किंवा आगीशी गाठ पडली की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो. तो कातडीतून आत शिरतो आणि शरीरातल्या कॅल्शियमलाच धरतो. फुगलेली बॅटरी सुईने टोचून हवा काढायची सवय काही मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलांना आहे. त्या मुलांना कुणीतरी हे सांगायला हवं. आज इथे त्यांच्यापैकी कुणी बसलं असेल, तर मी हात जोडून सांगतो: टोचू नका.

भाव नसण्यामागे आणखी एक कारण वाढत चाललं आहे. ई-रिक्षा, स्कूटी, सौर दिवे यांत आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येतात. त्या जास्त सुरक्षित आणि टिकाऊ, म्हणून चांगल्याच. पण त्यांत कोबाल्ट नाही, निकेल नाही. त्यांतल्या मुख्य पदार्थात लोखंड, फॉस्फेट आणि शेकडा चार-साडेचार लिथियम. २०२२ च्या अखेरीला शिखरावर गेलेले लिथियमचे भाव २०२४ पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक कोसळले. नुसत्या बाजारावर सोडलं तर या बॅटऱ्या कुणी हातात घेणार नाही. म्हणून कायदा लागतो.

कायदा आहे. २००१ चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले आणि त्यांनी सगळ्या जातींच्या बॅटऱ्या कवेत घेतल्या. बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करून प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी आहे. मोबाईल आणि विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांतून २०२४-२५ ला ७० टक्के, पुढच्या वर्षी ८० आणि २०२६-२७ पासून ९० टक्के सामग्री परत निघाली पाहिजे. याच जातींच्या नव्या बॅटरीत २०२७-२८ पासून ५ टक्के आणि २०३०-३१ ला २० टक्के सामग्री देशात परत मिळवलेलीच असली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झालं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरचं आयात शुल्क माफ झालं, आणि सप्टेंबरमध्ये अशा खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना आली. ही सगळी पावलं योग्य आहेत. पण कारखाने परदेशातून भंगार आणतील आणि आपल्या खणातल्या बॅटऱ्या खणातच राहतील, असं व्हायला नको. कंपनीचं आकड्यांतलं उद्दिष्ट पुण्या-मुंबईत गोळा केलेल्या बॅटऱ्यांवर पूर्ण होऊ शकतं. मानोऱ्याच्या तांड्यावरची बॅटरी आणण्याची गरज त्या आकड्याला नाही. तांड्याला मात्र आहे.

इथे एक मागणी वारंवार पुढे येईल, आणि तिला मी आज जाहीर विरोध करतो. आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगावजवळून जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. तेव्हा बॅटरीतून धातू काढण्याचा रासायनिक कारखाना इथेच टाका, पोरांना रोजगार मिळेल, असं कुणीतरी म्हणणारच. त्यांना मघाचा तीनचा आकडा दाखवा. दोन रेणू ऑक्साइडला तीन रेणू गंधकाम्ल. सगळे धातू सोड्याने खाली बसवले की ते सगळं आम्ल सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उरतं. हिशेब करा: ९८ किलो लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमागे २१३ किलो मीठ. मूळ ऑक्साइडच्या दुपटीहून अधिक. ते आटवून कोरडं करता येतं, साबण-पावडरीच्या धंद्यात विकताही येतं, पण त्याला यंत्रणा लागते, वीज लागते, रोजची शिस्त लागते. ती नसली तर ते खारं पाणी ओढ्यात जातं. एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर वाशिम शहराची तहान भागवणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला हा व्यवहार परवडणारा नाही. ओलं काम जिथे सांडपाण्याची पक्की सोय आहे तिथेच व्हावं.

कोरडं काम मात्र आपलं आहे. गोळा करणं, जाती वेगळ्या करणं, सुरक्षित बांधणं, आणि समृद्धीवरून धाडणं. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक जागा. सिमेंटची, आम्ल न झिरपणारी जमीन, वर छप्पर, आजूबाजूला वस्ती नको. शिशाच्या बॅटऱ्या उभ्या, बूच वर करून. लिथियमच्या बॅटरीची दोन्ही टोकं चिकटपट्टीने झाकलेली. फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या, कोरड्या वाळूच्या पिंपात, झाकण सैल. याचा खर्च बॅटरी कंपन्यांनी करायचा, कारण नियमाने जबाबदारी त्यांचीच आहे. आणि जिल्हा प्रशासनाने ते त्यांच्याकडून करून घ्यायचं. बचत गटांना यात काम जरूर द्यावं, पण मोजण्याचं, नोंदीचं, बांधणीचं. फोडण्याचं काम कुणाही बाईच्या, कुणाही मुलाच्या हाती जाता कामा नये. शाळांतून बॅटऱ्या गोळा करण्याचे उपक्रम होतात, हेतू चांगला असतो, पण फुगलेल्या बॅटऱ्यांचं खोकं वर्गात ठेवणं धोक्याचं आहे. टॉर्चचे आणि घड्याळाचे सेल चालतील, मोबाईलच्या बॅटऱ्या नकोत.

या जागेचा खरा माणूस आपला भंगारवाला आहे. गल्लीबोळ त्यालाच माहीत, तांड्यापर्यंत त्याचीच गाडी जाते. त्याला चोरासारखं वागवून चालणार नाही. त्याची नोंदणी व्हावी, त्याला हातमोजे मिळावेत, वर्षातून एकदा त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासण्याची सोय जिल्हा रुग्णालयात व्हावी. आणि भावाची रीत बदलावी. आज शिशाच्या बॅटरीचा भाव बहुधा पाणी काढलेल्या वजनावर ठरतो. मोठ्या बॅटरीत दहा-पंधरा लिटर आम्ल असतं, त्यात शिशाचे कण तरंगत असतात. वजन प्रामाणिक करायचं म्हणून तो ते रस्त्याकडेला ओततो. त्याला वाईट करायचं नसतं; भावाची रीतच त्याला ते करायला लावते. पाण्यासकट सगळ्या बॅटरीला ठरलेला भाव मिळाला, फोडलेलीला कमी आणि अखंडला जास्त, तर ओतण्याचं कारणच उरणार नाही. लिथियमच्या बॅटरीला नगावर पैसे, मग तिच्यात कोबाल्ट असो वा नुसतं लोखंड.

एक गोष्ट शेतकरी बांधवांसाठी. हंगाम संपला की फवारणीचा पंप माळ्यावर जातो आणि त्याची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहते. प्लेटांवर सल्फेट कडक होतं ते याच काळात. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावली तर ती आणखी काही हंगाम सहज काढते. झटका मशीनची बॅटरीही शेतात पीक नसताना घरी आणून अशीच जपावी.

तरीही काही बॅटऱ्या जाणारच, आणि गेल्याचं बहुतेकांना पहिल्या फवारणीच्या वेळी, पंप खाली काढल्यावर कळतं. त्या आठवड्यात कृषी केंद्रांच्या दुकानांवर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग लागतो. म्हणून सुरुवात करायचीच असेल तर तालुक्याची ही जागा मृगाच्या आधी उघडलेली असावी, कृषी केंद्रांना तिचा पत्ता छापून दिलेला असावा, आणि दारातल्या फळ्यावर त्या दिवसाचा भाव लिहिलेला असावा: पाण्यासकट, न फोडलेल्या बॅटरीचा.